तापाचे दोन आकडे

देवानंद, आमचा देवा, गेल्याचा मेसेज त्याच्या भाच्यानं इंग्रजीत पाठवला होता. मी तेव्हा बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होतो, त्यालाच भेटायला निघालो होतो. मेसेजमध्ये तारीख वर नुसत्या आकड्यांत होती आणि खाली तीच तारीख महिन्याच्या नावानं. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की देवानं हे असं जाऊ दिलं नसतं... रडू नंतर आलं, मूर्तिजापूर गेल्यावर.

आम्ही दोघं दर्यापूर तालुक्यातल्या एकाच गावचे. दोघांच्याही घरात आमच्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. हे मी कोणी न विचारताही सांगतो. अमरावतीला बीए करताना आमच्या इंग्रजीला वर्ग हसायचा. मी चिडायचो. देवानं वेगळाच रस्ता काढला. उच्चार सुधरवायले जन्म जाईन, म्हणाला, पण आकड्याले कोणी हासत नाही. "एका कागदावर एकच रीत धर, गज्या. तारीख एकाच तऱ्हेनं, माप एकाच मापात. मंग कोणाच्या बापाले समजत नाही आपून कुठून आलो ते."

याच बळावर त्यानं अकोल्यात खोली घेतली आणि शेतकी शिकणाऱ्या पोरांचे इंग्रजी प्रबंध तपासून द्यायला लागला. काही वर्षं मीही त्याच्यासोबत बसलो, मग अमरावतीला शाळेत लागलो. पोरं सुरुवातीला एकर लिहायची, पुढे हेक्टर. खत कुठं किलोत, कुठं क्विंटलमध्ये. देवा लाल पेनानं गोल करायचा आणि पोराला समोर बसवून विचारायचा, "हे वावर तुह्या बापाचं असतं, तर असंच मोजलं असतं का?" पोरगं हसायचं. देवा हसायचा नाही. एका सरांनी फोन करून सांगितलं की एवढं बारीक कोण पाहते, जाऊ द्या. देवा म्हणाला, पाहणारा एखादा निघते, सर. त्याच्यासोबत काम करणं थकवणारं होतं, ते आता लपवून काय करू... त्याची माय भाजीत चिमूटभर मीठ म्हणाली, तरी हा विचारायचा, कोणाची चिमूट?

मग त्याला लिव्हरचा आजार निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी शेवटी घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ देवाला कळला होता, मला कळला होता. मायला कोणी सांगितला नव्हता. देवानं लग्न केलं नाही, घरात तो आणि माय दोघंच. माय शाळेत गेली नाही, पण आकडे वाचते, देवानंच शिकवले. ताप तीच पाहायची. काचेच्या जुन्या थर्मामीटरवर कधी एकशे दोन, कधी एकशे तीन. शंभराच्या वर गेलं की वाईट, एवढं तिला पक्कं ठाऊक.

ते थर्मामीटर एके दिवशी तिच्या हातून फुटलं. भाच्यानं बटणाचं नवं आणलं, ते सेल्सिअसमध्ये ताप दाखवणारं. घाईत कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर माय दारातच भेटली.

"गजू, उतरला रे ताप. काल एकशे दोन होता, आज एकोणचाळीस."

कित्येक दिवसांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. आत जाऊन देवाच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. एकोणचाळीस म्हणजे तेच एकशे दोन. त्याच्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. मी मायला हाक मारणार, तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"अबे पण..."

"झोपू दे तिले आज. किती दिवसाची जागी हाय." आणि थोड्या वेळानं, डोळे मिटूनच, "दुरुस्त नको करू."

त्याच आठवड्यात तो गेला.

परवा अकोल्याला जाऊन आलो. टेबल तसंच आहे, लाल पेनांचा डबाही. मायनं चहा दिला आणि समोर बसली.

"नवं मशीन मी रोज माह्याच काखेत लावून पाहते," ती म्हणाली. "सदतीस येते. मले काही झालं नाही तरी सदतीस... मंग त्याचा एकोणचाळीस उतरलेला होता का रे?"

मी शिकलेला माणूस. तोंडावर खरं बोलतो म्हणून शाळेत माझं फार कोणाशी पटत नाही. पण त्या दिवशी फार थकलो होतो, आणि मनगटावर त्याची बोटं अजून होती.

"उतरला होता, माय."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"देवानंबी असंच सांगतलं," म्हणाली. मग उठून तिनं थर्मामीटर पदरानं पुसलं आणि त्याच्या लाल पेनांच्या डब्यात उभं करून ठेवलं.