पंडुमाआधीची कैरी

त्या शाळेचा विषय निघाला की मला आजही आधी कैरी आठवते आणि मग तो डबा. नोकरीत खुनाचे तपास केले, दरोड्यांचे केले, पण जिवाला इतका घोर लावणारा तपास दुसरा नाही. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

अहेरीहून पुढे, रस्ता सूरजागडच्या डोंगरांकडे वळतो त्या बाजूच्या एका उपपोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत दहावीपर्यंतची एक शाळा होती आणि परीक्षेचं केंद्रही तिथेच होतं. मार्च लागला होता, दहावीचा पहिला पेपर तोंडावर आला होता. ठाण्यात सकाळची हजेरी चालू असतानाच मुख्याध्यापकांचा फोन आला. दहावीच्या वर्गाच्या दारात स्टीलचा डबा ठेवलेला आहे आणि त्यातून वायरी बाहेर आल्या आहेत, असं ते म्हणाले.

आमच्या भागात असा फोन आला म्हणून कुणी गाडीत उडी मारत नाही. असाच निरोप धाडून पोलिसांना रस्त्यावर ओढायचे प्रकार पूर्वी झाले होते. आम्ही रस्ता सोडून शेतातून, एकमेकांत अंतर ठेवून चालत गेलो. मुलांना मैदानाच्या टोकाला बसवलं होतं. गडचिरोलीहून बॉम्बशोधक पथक येऊन डबा उघडेपर्यंत दुपार कलली. आत जुने सेल, माती आणि वायरीचं भेंडोळं निघालं. स्फोटक काहीच नव्हतं.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला, पण डब्याचं काम झालं होतं. दुसऱ्या दिवशी वर्ग अर्धे रिकामे. बाप लोक पोरांना सायकलवर बसवून घरी नेत होते. शिक्षक हजेरी घेत, पण कुणाला रागावत नव्हते. गृहपाठ न केलेल्या पोरालाही "बस बाबा" म्हणत होते. सगळ्यांत वाईट अवस्था गणिताच्या बाईंची झाली. बाई राजुऱ्याच्या, बौद्ध कुटुंबातल्या. आमच्या घरात पुस्तकं आधी आली आणि भांडी मागून, असं त्या अभिमानानं सांगत. शिस्तीला कडक, आणि डबा सापडला तो त्यांच्याच वर्गाच्या दारात. आता त्या फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ करत नव्हत्या. तिरक्या उभ्या राहून, एक डोळा पोरांवर ठेवून लिहायच्या. अक्षर वाकडं यायचं आणि मागच्या पोरांना काही दिसायचं नाही. बदलीचा अर्ज त्यांनी लिहूनच टाकला होता.

त्याच संध्याकाळी शाळेचे लिपिक ठाण्यात आले. बाहेरून आलेला, पण गावात बरीच वर्षं काढलेला माणूस. आपलं नाव गुप्त ठेवा, अशी अट घालून त्यांनी दहावीतल्या एका मुलीचं नाव घेतलं. मुलगी जवळच्याच पाड्यावरची, माडिया घरातली, वर्गात पहिली येणारी.

"मी पाह्यलं ना साहेब. शाळा भरायच्या आधी वर्गामागच्या खिडकीखाली बसून होती. मीठ लावून कैऱ्या खाऊन राह्यली होती."

त्या खिडकीखाली पंचनाम्यात आम्हाला खरोखरच कैरीची सालं, चावलेल्या कोवळ्या कोयी आणि मिठाचा कागद मिळाला होता. वायर शाळेच्या प्रयोगशाळेतली होती आणि प्रयोगाचं सामान वाटायचं काम त्या मुलीकडे असल्यानं प्रयोगशाळेची एक किल्लीही तिच्याकडेच असे. मोहफुलं वेचायला घरी राहिली म्हणून बाईंनी तिला चार लोकांत बोलून वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यात तिचा एक चुलतभाऊ काही वर्षांपूर्वी दलमात, म्हणजे नक्षल्यांच्या टोळीत गेलेला. ताट आयतं वाढून समोर आलं होतं.

मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, पोलिसांचं समाधान होईपर्यंत तिला परीक्षेचं प्रवेशपत्र मिळणार नाही. बाईंनाही ते पटलं. "मी बोलली तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी नाई आलं साहेब," त्या मला म्हणाल्या. "तेव्हाच मले भीती वाटली होती."

अल्पवयीन मुलीला ठाण्यात बसवता येत नाही. शाळेच्या ग्रंथालयाच्या खोलीत, साध्या कपड्यांत, तिचे वडील आणि एक महिला शिपाई यांच्यासमोर मी चौकशी केली. मुलगी दोनच गोष्टी बोलत होती. डबा मी ठेवला नाही, आणि मला पेपर देऊ द्या. मी प्रश्न फिरवून विचारले, आवाज चढवला, मग उतरवला. उत्तर तेच. तिचा बाप गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत होता. मला घाई झाली होती. वरिष्ठांचे फोन येत होते आणि परीक्षा कुणासाठी थांबणार नव्हती.

जेवणाची वेळ झाली तशी महिला शिपाईनं आपला डबा उघडला. ती चंद्रपूर शहरातली. ठाण्याच्या आवारातली कैरी चिरून तिखट-मीठ लावून आणली होती. मुलीच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. तिनं भाकरी घेतली, भाजी घेतली. कैरीची फोड पुढे केली तसा तिनं हात मागे घेतला.

मी म्हटलं, "काऊन बेटा? आवडत नाई?"

"आवडते साहेब. पण आमच्या गावचा पंडुम झाला नाई अजून."

नव्या फळाचा पहिला मान गावदेवाचा. आंब्याचा पंडुम, म्हणजे सण, होईपर्यंत माडिया माणूस कैरी तोंडाला लावत नाही. मला हे कानावरून माहीत होतं, पण त्या खिडकीशी त्याची सांगड घालायचं सुचलं नव्हतं. मी तिच्या बापाला विचारलं, पोरंसोरं चोरून तर खात असतील? तो पहिल्यांदा मान वर करून बोलला. "लेकरू रडलं तरी देत नाई साहेब. गावावर संकट येते."

हा काही कोर्टात टिकणारा पुरावा नव्हता. पण माझा संशय दुसरीकडे वळायला तेवढा पुरे झाला. मी लिपिकांना बोलावून घेतलं आणि काय पाहिलं ते पुन्हा सांगा म्हटलं. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त सांगतो, हा माझा नोकरीभरचा अनुभव. ते रंगात आले. मुलगी कशी बसली होती, कैरी दातानं कशी सोलत होती, सगळं सांगितलं. मी विचारलं, गावचा पंडुम अजून व्हायचाय, त्याआधी माडिया पोर कैरी कशी खाईल?

ते घाईनं म्हणाले, "दुसऱ्या कोणी खाल्ल्या असतील."

"तुम्ही तर तिला खाताना पाहिलं."

त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला. पंचांसमक्ष त्यांच्या राहत्या खोलीची झडती घेतली तेव्हा उरलेली वायर पलंगाखाली मिळाली. मग सगळं बाहेर आलं. शहरातली काही मुलं खात्रीनं पास करून देतो म्हणून या केंद्रावर आणून बसवली जायची आणि त्यांना नकला पुरवण्याची व्यवस्था लिपिकांकडे होती. परीक्षेत बाई ज्या खोलीवर पर्यवेक्षक असत, तिथे मात्र चिठ्ठी आत जात नव्हती. बाई घाबरल्या, पर्यवेक्षण सोडून गेल्या की वाट मोकळी. डबा ठेवायच्या आधी, शाळेचा शिपाई वर्ग झाडून जाईपर्यंत हे गृहस्थ खिडकीखाली कैऱ्या खात बसले, आणि ती सालं आपल्याला नडू नयेत म्हणून त्यांनी ती मुलीच्या नावावर घातली. इतकी वर्षं त्या गावचं मीठ खाल्लं, पण गाव आंबा कधी खातं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

प्रवेशपत्र मी मुख्याध्यापकांकडून घेऊन स्वतः मुलीच्या हातात दिलं. पेपरच्या आदल्या दिवशी बाईंनी जादा तास घेतला. मुलीसमोर उभं राहून, सगळ्या वर्गादेखत त्या म्हणाल्या, "चूक माझी झाली." मग वळल्या आणि वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहू लागल्या. अक्षर सरळ होतं. मी व्हरांड्यातून बघत होतो. पण मुलगी त्या दिवशी तिच्या नेहमीच्या पहिल्या बाकावर नव्हती. ती शेवटच्या बाकावर, दाराशी बसली होती.

शाळेतल्या गुन्ह्यात काय चोरीला गेलं, ते मुद्देमालाच्या खोलीत सापडत नाही, हे मी तिथे शिकलो. पोरांकडे निर्धास्त पाठ करता आली तरच मास्तर शिकवू शकतो, आणि आपल्यावर उगाच आळ येणार नाही याची खात्री असली तरच पोर शिकू शकतं. बाईंची भीती मी आरोपी पकडून घालवू शकलो. दुसरी गोष्ट माझ्या हातात नव्हती.

मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली, पण तो निकाल पुढचा. त्याआधी पंडुम झाला. दुसऱ्याच दिवशी ती ठाण्याच्या फाटकावर आली आणि पहारेकऱ्याकडे दोन आंबे ठेवून गेली. एक साहेबांना आणि एक बाईंना द्या, असं सांगून गेली. बाईंचं घर तिच्या वाटेवरच होतं. ती तिथे का थांबली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. तो आंबा मी नेऊन दिला. बदलीचा अर्ज फाडून टाकलेल्या बाई तो हातात धरून दारातच उभ्या राहिल्या, आणि मला आत या म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.