मागच्या फळीचं प्लाय

पुसदच्या प्लायवुडवाल्याला मी त्याच्याच काउंटरवर मारलं. पहिली कानाखाली बसली, दुसऱ्या वेळी मूठ होती. त्याचा ओठ फुटून रक्त बिलबुकावर सांडलं. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पंधरा दिवसांपूर्वी भर धरणात आमच्या डोंग्याची मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतो ती, मधोमध फाटली होती. निसटणारं इंजिन धाकट्या भावानं हातानं धरायला पाहिलं. इंजिनचा पाणी कापणारा पंखा फिरतच होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. जाळ्यावर रक्त, मासळीवर रक्त, आणि हा ओरडतोय, "दादा, इंजिन पकड, इंजिन!" त्या फळीचं प्लाय तीन वर्षांपूर्वी मीच निवडलं होतं, याच दुकानातून, पाण्यात टिकणारं म्हणून.

दुकानदारानं हात उगारला नाही. ओठाला रुमाल लावून म्हणाला, "त्या शीटचा तुकडा असंल ना घरी? दिवसभर उकळून पाहा. पाण्यातलं प्लाय खरं असंल तं सुटत नाही. थर सुटले तं पुन्हा या मारायले, मी इथंच हाय."

तुकडा होता; बायको त्यावर मासे कापायची. सकाळीच अंगणात चूल पेटवली, पातेल्यात तो टाकला आणि समोर बसून राहिलो. त्याचे थर सुटावेत म्हणून मी देवाला हात जोडले. मला तो माणूस चोर ठरायला हवा होता. ऊन कलल्यावर तुकडा बाहेर काढला, पटाशी घालून उचकटला, दगडावर आपटला. एक थर हलला नाही.

मग कोपऱ्यात पडलेली फाटकी फळी उलटी केली. चारही कडा शाबूत. सडली होती फक्त मधोमध, घोड्याच्या नालेभोवती. आमच्यात डोंगा पाण्यात घालण्याआधी दृष्ट लागू नये म्हणून मागच्या फळीवर नाल ठोकतात. पाणी आत शिरू नये म्हणून रेझिनचे तीन हात देऊन, सगळं वाळवून झाल्यावर मी सात खिळे आरपार ठोकले होते. तीन वर्षं त्या सात भोकांतून फळी पाणी पीत होती. नखानं उकरलं तर काळा भुसा निघाला. मी कुऱ्हाड घेऊन त्या फळीच्या ढलप्या केल्या, हाताला फोड येईपर्यंत, आणि मग स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो. मान वर होईना. "मले दोन मारा," मी म्हणालो. सुजलेल्या ओठानं तो म्हणाला, "मारून काय होते? शीट पाहून घ्या." त्यानं तेच प्लाय काढून दिलं.

घरी येऊन खाटेवरच्या भावाला सगळं सांगितलं, नालेचंही. तो उठला आणि डाव्या हातानं मला मारायला लागला. आमच्या घरात धाकट्यानं थोरल्यावर हात टाकायची ही पहिलीच वेळ. आई मध्ये पडली तर तिलाही त्यानं ढकललं. मी हात आडवा केला नाही. नाकातून रक्त आलं तेव्हा तो थांबला, धापा टाकत नव्या शीटजवळ बसला, कडेचे थर एकेक करून अंगठ्यानं दाबून पाहिले.

"बराबर हाय हे," तो म्हणाला. "पण बोल्ट तूच कस, दादा. मले आता पाना धरता येत नाही."