वांग्याचा चष्मा मारव्यात

रविवार, संध्याकाळ. बरेच महिने या ब्लॉगवर फिरकले नाही, माफ करा.

आज मुलुंडच्या आमच्या मंडळात कार्यक्रमासाठी गाण्यांची निवड होती. मी माझीच कविता मारव्यासारख्या गंभीर रागात बांधून गायले: ‘वांग्याने लावला चष्मा, तरी दिसेना त्याला देठ.’ पियानोवर माझी दहिसरची मैत्रीण ग्लोरिया.

सेक्रेटरी काका म्हणाले, “अगं, बालगीत ना हे? ठेका उडता कर, हातवारे घाल. नाहीतर यादीतून काढतो.”

“काका, वांगं मनापासून शोधतंय. हातवारे कसले?” ग्लोरिया म्हणाली.

हा माझा अहंकार तर नाही? परत परत विचारलं स्वतःला. पण शेवटच्या ओळीला काकाच हसता हसता गप्प झाले होते, मी पाहिलं.

“मग काढा,” मी म्हटलं.

वेड्या शब्दांना खरा सूर द्यायला परवानगी लागते का?

उद्याचं काम: ग्लोरियाच्या अंगणात गाण्यासाठी तिच्या शेजाऱ्यांकडे खुर्च्या मागणे.