नाथाचा तनखा

धारूरच्या डोंगरकडेला बंकट मालकाच्या मेंढ्या राखणारा नाथा बेकार आहे, असं कुणाच्या तोंडून निघेल? उन्हापावसात खांद्यावर घोंगडं, मागे कळप, सुट्टी कशाशी खातात ते ठाऊक नाही. फक्त त्याचं साल पाडव्याला भरतं आणि मोबदला मिळतो दहा कोकरांचा. मध्येच साल सोडलं तर एकही कोकरू हाती लागत नाही. रीतच तशी!

त्या सकाळी गेवराईकडून म्हाळू आला, मुलीचा बाप. नाथाची तिशी उलटलेली. आजवरची स्थळं ‘महिन्याला किती?’ एवढं विचारून चहा न घेताच उठली होती. म्हाळू मात्र स्वतः मेंढका. हा तरी समजून घेईल, या आशेनं नाथानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याच्या बापानं, धुळाजीनं, तर मालकाच्या कळपातली, नाथाच्या वाट्याची म्हणून खुणेला कान कातरलेली कोकरं दाखवण्यापुरती अंगणात आणून उभी केली.

“तनखा किती पोराला?” म्हाळूनं विचारलंच.

“वर्साला धा कोकरं. कपडालत्ता, जेवण मालकाचं,” धुळाजी म्हणाला.

“आन् महिन्याला?”

धुळाजी भडकला. “अहो पावणं, मेंढी काय दर महिन्याला विती का?”

म्हाळू हसला नाही. नाथाकडे वळून म्हणाला, “ल्हानपणी मी एका मौलवीसायबांच्या शेळ्या राखायचो. ते सांगायचे, तनखा म्हंजी मूळचा तनख्वाह. तन म्हंजी शरीर, ख्वाह म्हंजी मागणं. शरीर मागतं त्यो तनखा. पुढं दुसऱ्या मालकाकडं माझंबी तुझ्यावानी साल होतं. भादव्यात बायको तापानं फणफणली. मालकाला म्हनलं, माझी दोन कोकरं आत्ताच इकू द्या. म्हनला, रीत मोडायची न्हाई, पाडव्याला ने. ती दसरा बी बघू शकली न्हाई. शरीर पाडव्यापर्यंत थांबत न्हाई, बाबा. तू लई गुणाचा हायेस. पण पोरगी न्हाई देणार.”

नाथाला राग यावा, तर तोही येईना. म्हातारा खरंच बोलत होता. साल सोडावं तर कोकरं जातात, धरावं तर लग्न. करावं तरी काय माणसानं?

पाहुणा गेला. नाथाची आई, साखराबाई, चाचपडत कपबशा गोळा करू लागली. तिचा मोतीबिंदू पाडव्याला काढायचा होता. मागच्या पाडव्यालाही काढायचाच होता.

“जाऊ दे रे,” ती म्हणाली, “पाडव्याला दुसरं स्थळ बघू.”

तिचा हात लागून कप कलंडला. नाथानं तो उचलून तिच्या हातात दिला.

“व्हय, माय,” तो म्हणाला.