सुलतानच्या पुढ्यातली पिसं

दोन हजार बावीस साल, मी बहात्तर वर्षांचा. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझ्या खोकल्यावरून सगळं ओळखते. तुम्हाला सांगतो.

सून महानंदा लातूरहून कुत्रा घेऊन आली. कुणा साहेबाची बदली झाली अन् कुत्रा मागं राहिला. कुत्रा कसला — वासरूच! ग्रेट डेन म्हणे जात. आमच्या मुखेडच्या घरात आधीच म्हैस, दोन शेळ्या, मांजर आणि माझ्या कोंबड्या. त्यात हा सुलतान. घर हाय का जत्रा, मी विचारलं. सून म्हणाली, "मामा, तुमच्यापेक्षा कमी बोलतो त्यो."

सगळे हसले. मला लागलं. पण खरं सांगू? मला त्याची भीती वाटायची. मारका बैल शिंगाला धरून दाबणारा मी — हा उभा राहिला की भिंतीला चिकटायचो. कुणाला सांगायचं हे?

एका संध्याकाळी कोंबडीच्या पिल्लांवर बांबूचं डालं पालथं घातलं, पण वर दगड ठेवायचा विसरलो. सकाळी बघतो तर डालं कलंडलेलं, पिल्लं गेलेली, नुसती पिसं. चुकलो म्हणायला काय लागतं? मला ते आलं नाही. मी पिसं गोळा केली — ह्याच हातांनी — आणि झोपलेल्या सुलतानच्या पुढ्यात काठीनं सरकवली. मग बोंब मारून घर उठवलं.

महानंदानं त्याला गोठ्यात बांधलं. लातूरच्या भावाला फोन केला, उद्या टेम्पो घेऊन ये, ह्याला परत ने म्हणाली. दिवसभर ती जेवली नाही. मी जेवलो.

दिवस कलताना म्हशीला पाणी दाखवायला गेलो. सुलतानच्या पोटाशी काहीतरी हललं. पिल्लू! माझंच, काळं. वाचलेलं, त्याच्या उबेला बसलेलं. आणि हे एवढं धूड श्वाससुद्धा जपून घेऊन राहिलं होतं. मी ते उचलून लपवलं असतं तर कुणाला कळलं असतं?

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. केवढं डोकं! भीती गेली ती गेलीच.

सुनेला हाक मारून पिल्लू दाखवलं. मुंगसाचं काम दिसतंय, म्हणालो. घरात दिवाळी झाली. "मामा, तुमचं काळीज लई मोठं हाय," ती म्हणाली. मी मिशीवर हात फिरवला. पिसांचं बोललो नाही. ती शाबासकी माझी नव्हती — ठेवून घेतली.

आनंदात भावाला नको म्हणून कळवायचं राहिलं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात आला. आमच्याकडं नवा बैल आणला की बायका उंबऱ्यापाशी त्याच्या पायांवर पाणी घालतात. गड्यांचं काम नव्हे ते. मी तांब्या भरला, साऱ्या गल्लीदेखत सुलतानच्या चारी पायांवर पाणी घातलं, कपाळाला भस्म लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि सुनेच्या भावाला चहा पाजून टेम्पो रिकामा लावून दिला.