काकांच्या भिंतीवरचा जिराफ

सुधीरकाका गेल्याचं मला अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या मराठी ग्रुपवरच्या मेसेजवरून कळलं. मी ऑफिसात होते. खाली सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले होते, मीही टाकला... आणि मग बराच वेळ कळेना, आता पुढे काय करायचं असतं.

काका माझे शेजारी. मूळचे नागपूरचे, सॉफ्टवेअरमधून रिटायर झालेले. त्यांच्या घरात मुलाच्या फोटोंपेक्षा जास्त जागा एकोणिसाव्या शतकातल्या जाहिरातींनी व्यापली होती. तेव्हा जहाजातून आणलेले परदेशी प्राणी अमेरिकेत गावोगावी तंबूत दाखवायचे, त्या खेळांची ही छापील पत्रकं. काका जुन्या वस्तूंच्या दुकानांतून ती शोधून आणून फ्रेम करायचे. गेंड्याच्या अंगावर चिलखत होतं आणि जिराफाचं तोंड चक्क घोड्याचं. "काढणाऱ्यानं जिराफ पाहिलेलाच नाही," काका खुशीत सांगायचे. "उंच आहे, मान लांब आहे, एवढं कुणीतरी सांगितलं. बाकीचा यानं मनानं भरला." मी फारशी बोलत नाही, ते त्यांना चालायचं. खालचा बारीक इंग्रजी मजकूर मी वाचून दाखवायचे, ते डोळे मिटून ऐकायचे.

हे कशासाठी जमवता, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, लहानपणी नागपुरात सर्कस आली आणि नेमका ताप आला, जाता आलं नाही. मला ते पटलं होतं. पण शोकसभेत त्यांचा मुलगा ओंकार म्हणाला, बाबांना प्राण्यांचं काही नव्हतं, जुनी छपाई आवडायची. आणि नीलाकाकूंना ते म्हणे सांगायचे, भिंती रिकाम्या बऱ्या दिसत नाहीत. यातलं खरं कुठलं? की सगळंच?

काकू आता ओंकारकडे फ्रीमाँटला राहायला जाणार आहेत. त्याच्या टाउनहाउसमध्ये एकाच फ्रेमपुरती जागा आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं.

"तू त्यांच्याबरोबर बसायचीस. त्यांचं सगळ्यात लाडकं कुठलं, सांग. मला चुकीचं न्यायचं नाहीये."

मी जिराफ म्हटलं. पॅसेजमधल्या त्या चित्रासमोर काका रोज संध्याकाळी उभे असायचे, आमच्याकडे पाठ करून.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, तिथे शेजारीच घराच्या हीटरचा थर्मोस्टॅट आहे. मी हीट वाढवायचे, हे जाऊन कमी करायचे. जन्मभर तेच."

त्या हसायला लागल्या, मग रडायला लागल्या, आणि मला कुठे बघावं कळेना. मी सॉरी म्हटलं, मग गेंडा घ्या म्हटलं.

"नको," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "हाच नेते. इथे ते रोज उभे राहायचे, एवढं तर नक्की ना?"

फ्रेम मीच उतरवली. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांच्या बॅगेत ठेवली, आणि त्यांना काही बोलले नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. थर्मोस्टॅट कमी करायला एक क्षण पुरतो... काका तिथे खूप वेळ उभे असायचे.