दहा बाय अठराची चूक

किस्से जमवायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. कुसगावच्या रस्त्याला आमचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तिथं उरलेले तुकडे जसे कोपऱ्यात साठतात, तसे किस्सेही साठतात. दुकान काकांचं, मशीन बबनभाऊंच्या हातात आणि कॉम्प्युटर माझ्या. म्हणजे लोकांना भला माणूस बनवून द्यायचं डिझाईन मी करते, भाऊ छापतात.

*

एक पोरगा स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आला. मी विचारलं, "खाली शुभेच्छुक कोण टाकू?"

तो म्हणाला, "टाका की, तुमच्याकडं असतील ते."

मी जुन्या फाइलमधले चोवीस चेहरे टाकले. दोन दिवसांनी त्यातलाच एक दुकानात हजर. मला वाटलं, आता भांडणार. तर म्हणाला, "मी ह्याला शुभेच्छा दिल्यात हे मला चौकात कळलं. आता बरं दिसत नाही. ह्याचं घर कुठं आहे?"

हल्ली दोघं एकत्र जिमला जातात.

*

आता तर फ्लेक्स लावतही नाहीत. फोटो काढून स्टेटसला ठेवला की काम झालं. एका गिऱ्हाइकाने दुकानातच सांगितलं, "जरा धरा दोघं." आम्ही दोन टोकं धरली, त्याने फोटो काढला आणि फ्लेक्स तिथंच टाकून गेला. "रक्तदात्याचा जाहीर सत्कार" असा तो फोटो आहे. दोन्ही कडांना आमची बोटं दिसतात.

*

लोहगडवाडीला एका मंडळाची स्वच्छता मोहीम होती. बॅनर लावायला भाऊ आणि मी गेलो. पन्नास जण, पन्नास टोप्या, पन्नास हातमोजे. फक्त कचरा नव्हता. शनिवार-रविवारची गर्दी ओसरली की तिथले स्टॉलवाले स्वतःच झाडून घेतात, आणि ही मंडळी आली सोमवारी.

मंडळी हिरमुसली. ताक विकणाऱ्या आबांना ते बघवेना. म्हणाले, "कचरा हाय की. पर पोत्यात भरून ठिवलाय. सांडू का?"

दोन पोती सांडली. फोटो छान आले. आबांनी सांगितलेलं एवढंच, की जाताना परत भरून द्या. ते तेवढं राहिलं.

*

मग सोनामावशी. विहाराच्या मागच्या वस्तीत एकट्या राहतात. कौलं फुटलेली, पाऊस दहा दिवसांवर आलेला. तिथं एका संस्थेचं ताडपत्रीवाटप होतं, बॅनर बांधायला भाऊ आणि मी. मावशींचं नाव यादीत पहिलं. ताडपत्री पुढं केली, मोबाईल वर झाले. मावशींनी हात मागं घेतले.

"ताडपत्री द्या. फोटो नगं."

"फोटोशिवाय देता येत नाही, आजी. वर दाखवावा लागतो."

"मागल्या साली असाच काढलता. त्यो फिरत फिरत नातीच्या सासरी पोचला. भिकाऱ्याची नात म्हणून लेकराला लय आयकावं लागलं. माझं घर गळू द्या."

ताडपत्री गाडीत परत गेली. मला फार लाज वाटली. त्या दिवसाचा फ्लेक्स मीच केला होता, आणि त्यावर हात जोडलेली म्हातारी मीच नेटवरून शोधून टाकली होती.

बबनभाऊ दोरी गुंडाळत मावशींच्या छपराकडं बघत होते. येताना गाडीवर एवढंच बोलले, "दहा बाय अठरा."

*

पुढच्याच आठवड्यात आमचे युवा नेते विकीदादा यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. सहा बाय दहा फुटांचा. भाऊंनी छापला दहा बाय अठराचा.

काका लाल झाले. "बारा वर्षांत एक चूक नाही, आणि आता एवढी मोठी? पुन्हा असं झालं तर दुसरीकडं काम बघ."

भाऊ मान खाली घालून उभे. संध्याकाळी ते बाद झालेलं विकीदादांचं भेंडोळं गाडीला बांधून मावशींकडं गेले. मावशी आता कुणाकडून काही फुकट घेणार नाहीत हे त्यांना माहीत होतं.

"मावशी, हे खराब झालंय. फेकायचंय. आमाला जागा न्हाई. तुमी फेकाल का?"

मावशींनी त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. "ठिव हितं. फेकीन मी."

*

आणि मग वस्तीजवळच्या एका बंगल्यावर सुट्टीला आलेल्या कुठल्या तरी पाहुण्यांनी ड्रोन उडवला. हिरव्या डोंगराखाली एक छप्पर आणि छपरावर हसणारे विकीदादा. व्हिडिओ सगळीकडं गेला. "न बोलता गरिबाचं छप्पर झालेला नेता." विकीदादांनाही हे नवीनच होतं. तरी दुसऱ्या दिवशी ते माणसं आणि मोबाईल घेऊन वस्तीत हजर. लाइव्ह सुरू. बॅनर धरायला आम्ही तिघं, काकांसकट. भाऊंचा चेहरा पांढरा पडलेला. मावशींनी त्यांचं नाव घेतलं असतं, तर काम तिथंच सुटलं असतं.

विकीदादांनी मावशींना जवळ घेतलं. "आजी, सगळ्यांना सांगा. हे छप्पर कुणी दिलं?"

मावशींनी मोबाईलकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं. भाऊंकडं पाहिलंच नाही.

"कुणी न्हाई. वाऱ्यानं उडून आलं."

"पण फोटो तर माझा आहे, आजी."

"तुमचा व्हय?" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं कुणाचा माणूस हरवलाय. वरनं कुणाला तरी दिसावा म्हणून त्याचं तोंड आभाळाकडं केलं."

लाइव्ह बंद झालं.

परत निघताना काकांनी एकदा वळून त्या छपराकडं पाहिलं. तो विषय वर्षभर निघाला नाही. परवा मे महिन्यात ते मशीनपाशी आले आणि चष्मा पुसत उभे राहिले.

"बबन, त्या वस्तीत अजून किती घरं गळतात?"

भाऊ घाबरतच म्हणाले, "पाच."

काकांनी चष्मा लावला. "यंदा पाऊस लवकर आहे म्हणतात. चुका उरकून घे."